विचारा सुभेदारकाकांना : ‘फॉर्मात लिहू नकोस’ असं सांगणाऱ्यांविषयी

यंदा सैन्यभरतीच्या पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय : ‘काका, हे लपवलं तर चालेल का?’ धावायचं कसं, बीम (दांडीला लटकून पुलअप्स) कसे मारायचे हे विचारणारी पोरं कमी झालीत. ते सगळं आता मोबाइलवर दिसतं. मी बेळगावला मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्ताद, म्हणजे रिक्रूटांना शिकवणारा, होतो आणि नोकरीच्या शेवटी शेवटी भरतीच्या मैदानावर कागद तपासायला बसायचो. त्या टेबलामागून जे दिसलं, त्यावरून ही उत्तरं. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेवरून आमच्या आणि शेजारच्या मंडळाची मारामारी झाली. मी ट्रॅक्टरवर बसलो होतो, पण एफआयआरमध्ये अकरा जणांत माझंही नाव आलं. तेव्हा मला १८ पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते. गावात नंतर मिटलं, दोन्ही मंडळं आता एकत्र वर्गणी काढतात, पण केस कोर्टात तशीच पडून आहे. माझी लेखी निघाली, ग्राउंड महिन्यावर आलंय. अकॅडमीचे सर म्हणतात, ‘फॉर्मात नाही लिही, कोण बघतंय?’ (खटाव तालुका)

उत्तर : कोण बघतंय ते सांगतो. तू निवडला गेलास की तुझा पडताळणीचा फॉर्म जिल्ह्यात येतो आणि तिथून तुझ्या पोलीस ठाण्यात जातो. ठाण्यातला हवालदार रजिस्टर काढतो, नाहीतर कॉम्प्युटरवर तुझं नाव टाकतो. अकरा नावांतलं एक नाव सापडायला त्याला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नाही. आणि हे तू सेंटरला पोहोचल्यावर, डोक्याचे केस उतरवल्यावर, कसम परेडची (ट्रेनिंगच्या शेवटी शपथ घेतात ती) स्वप्नं बघत असताना घडतं. त्या वेळी घरी परत यायला जी तोंड लपवायची पाळी येते, ती ग्राउंडवर नापास होण्यापेक्षा फार वाईट.

भरतीचा फॉर्म अकॅडमीत बसून भरायचा अर्ज नव्हे. त्यातले प्रश्न अधिकारी तुला समोर उभं करून विचारतो, तू उत्तर देतोस, खाली सही करतोस. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ४४ याच क्षणासाठी आहे. जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं कोर्ट मार्शलमध्ये सिद्ध झालं तर ५ वर्षांपर्यंत कैद. बहुतेक पोरांच्या बाबतीत गोष्ट तिथवर जात नाही, नुसतं घरी पाठवतात. पण मग तुझ्या कागदावर ‘मारामारीची केस’ राहत नाही, ‘माहिती लपवली’ असं येतं. पुढे पोलीस भरतीला गेलास, एसआरपीला गेलास, तरी ते मागे येतं.

सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग प्रकरणातला निकाल तुझ्या वकिलाला ठाऊक असेल. तीन न्यायमूर्तींनी सांगितलंय की पडताळणीत दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. प्रकरण किरकोळ असेल, कोवळ्या वयातलं असेल, तर खात्याने तारतम्य वापरून ते सोडून द्यावं, अशीही वाट त्यात ठेवली आहे. पण खरं लिहिलंस म्हणून खातं तुला घ्यायला बांधील आहे, असं नाही. हे मी तुला गोड करून सांगणार नाही. चालू असलेली केस ही खरोखरची अडचण आहे, आणि ती फॉर्मात लपवून सुटत नाही, कोर्टात जाऊन सुटते.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू सहज लिहून गेलास : १८ ला तीन महिने कमी. आरोपपत्र काढ आणि त्यात तुझं वय काय लिहिलंय ते बघ. मारामारीत पकडलेल्या पोरांची वयं रात्री दोन वाजता अंदाजाने लिहिलेली असतात. तिथे १८ किंवा १९ असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला घेऊन वकिलाकडे जा. घटनेच्या दिवशी तू १८ च्या आत होतास, एवढं सिद्ध झालं की तुझं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. हा मुद्दा केस चालू असताना कधीही मांडता येतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की लहानपणीच्या अशा प्रकरणामुळे पुढे अपात्रता लागत नाही. हा कायदा तुझ्यासारख्यांसाठीच केलाय, तो वापर. मंडळाचा आदेश हातात आला की फॉर्मातल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं तेही वकिलाकडून लेखी घे, स्वतःच्या मनाने ठरवू नकोस.

बाकीच्या दहा जणांसाठी : गावात मिटलं म्हणजे कोर्टात मिटलं असं होत नाही. काही कलमं समझोत्याने तिथल्या तिथे मिटतात, काहींसाठी दोन्ही बाजूंनी हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घ्यावी लागते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे विचारा. आणि सरपंचाकडून ‘यांच्यावर कोणताही गुन्हा नाही’ असा दाखला आणू नका. त्यात तुमच्याबरोबर सरपंचही अडकतो.

ग्राउंड सोडू नकोस. सकाळी धाव, दुपारी कोर्टाच्या नकला काढ.

प्रश्न : माझ्या छातीवर महाराजांचं आणि दंडावर ‘आई’ असं गोंदलेलं आहे. मित्र म्हणतो लेझरने काढ, दुसरा म्हणतो तेजाबाने जातं. (फलटण)

उत्तर : तेजाबाचा सल्ला देणाऱ्या मित्राचं ऐकून मैदानावर आलेली पोरं मी पाहिलीत. दंडावर भाजल्याची लाल, ओली जखम, त्यावर पावडर थापलेली. डॉक्टर साहेब पावडर पुसून बघतात आणि पुढच्याला बोलावतात.

नियम असा : कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. छाती, दंड, मान, पाठ इथलं चालत नाही. मग त्यात महाराज असोत, आई असो की बदाम. आदिवासी समाजाच्या पोरांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सूट आहे, पण तू तसं काही लिहिलेलं नाहीस.

लेझरचं काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करून घे. ते एका बैठकीत जात नाही, मधे काही आठवडे सोडावे लागतात आणि जागा नीट भरून यावी लागते. म्हणून ते या भरतीसाठी धरू नकोस, पुढच्या भरतीसाठी आत्ता सुरू कर. आईचं नाव पुसल्याने आई रागावणार नाही. रागावलीच तर माझा नंबर संपादकांकडून घे.

प्रश्न : सुभेदार भाऊ, माझा मुलगा अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर सैन्यात, दोन वर्षं झाली. सासूबाई वारल्या म्हणून सुट्टीवर आला. तेरावं झालं, सुट्टीही संपली, त्यालाही नऊ दिवस झाले. फोन बंद करून शेतातल्या वस्तीवर झोपतो. ‘परत जायचं नाही’ एवढंच म्हणतो. त्याचे वडील बोलतच नाहीत त्याच्याशी. पोलीस येतील का हो? (एक आई, जत)

उत्तर : ताई, पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून तुम्हाला संपादकांमार्फत आधीच निरोप पाठवला. इथे छापतोय ते बाकीच्या घरांसाठी.

पहिली गोष्ट फोन चालू करायची. सुट्टीच्या कागदावर युनिटचं नाव-पत्ता असतो, पोराच्या मोबाइलमध्ये कंपनीच्या सीएचएमचा (कंपनी हवालदार मेजरचा), सिनियर जेसीओचा (सुभेदार वगैरेंचा) नंबर असतोच. तो बोलत नसेल तर तुम्ही बोला. ‘साहेब, मी अमक्याची आई, तो घरी आहे, सुखरूप आहे, अमुक गाडीने निघतोय.’ एवढं पुरे. कंपनीत नऊ दिवस लोक काय समजून चालले असतील याचा विचार करा : पोरगा मेला, की पळाला, की कुणाच्या हाती लागला? त्यांचा अर्धा राग भीतीतून आलेला असतो. आई फोनवर आली की समोरचा हवालदारही आवाज खाली आणतो, हे मी अनेकदा ऐकलंय. पूर्वी अशा वेळी तार करायचे. तार २०१३ साली बंद झाली, पण रीत तीच : आधी निरोप, मग माणूस.

आता कायद्याचं. सुट्टी संपूनही न परतणं हा आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खालचा गुन्हा. कोर्ट मार्शल झालं तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण थोड्या दिवसांचा उशीर असेल, पोरगा आपणहून हजर झाला असेल, तर सीओ साहेब (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) सहसा आपल्याच अधिकारात निकाल लावतात. त्यांना कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत कोठडी किंवा लाइनमध्ये अडकवून ठेवण्याची शिक्षा देता येते, आणि गैरहजर दिवसांचा पगार कापला जातो. रेकॉर्डवर लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, नोंद बसू शकते. अग्निवीराला ती जड जाते, कारण ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरंच कायम होतात. जड जाते, पण तिने आयुष्य संपत नाही.

३० दिवस उलटले की चित्र पालटतं. कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, गैरहजेरी नोंदवली जाते आणि पुढे तो भगोडा धरला जातो. पकडायला मदत करा म्हणून जिल्ह्याच्या पोलिसांना कागद येतो, तो ३० दिवसांच्या आधीही येऊ शकतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आजच येतील असं नाही, पण असंच चाललं तर येतील, आणि ते दिवसाउजेडी गावातून येतील. पळून जाण्याच्या गुन्ह्याला, कलम ३८, शांततेच्या काळातही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा नवव्या दिवशी गाडीत बसलेला पोरगा आणि चाळिसाव्या दिवशी पोलिसांनी नेलेला पोरगा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता त्याचं मन. वडील बोलत नसतील तर गावातला एखादा माजी सैनिक वस्तीवर पाठवा, तोही रात्री, जेवण घेऊन. ‘का नाही जायचं’ असं विचारू नका, ‘तिथे काय झालं’ असं विचारा. आजीच्या जिवावर वाढलेली पोरं असतात. तिला खांदा देऊन परत बर्फात जायचं म्हणजे सोपं नाही. किंवा तिथला एखादा वरिष्ठ त्रास देत असेल. तसं असेल तर दाद मागायची वाट कायद्यातच आहे : कलम २६ प्रमाणे जवान आपल्या वरिष्ठांकडे, अगदी सीओ साहेबांपर्यंत तक्रार करू शकतो. पण ती ड्युटीवर हजर राहून करायची. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर त्याला एकट्याने प्रवासाला पाठवू नका. जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला, ते लांब असेल तर सरकारी दवाखान्यात न्या, तिथला कागद घ्या आणि तो युनिटला कळवा. आजारी माणसाला फौज भगोडा म्हणत नाही, फक्त तिला ते वेळेत कळलं पाहिजे. यात हात धरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, सांगलीतही आहे.

आणि नोकरीच सोडायची असेल? अग्निवीराला मुदतीआधी स्वतःच्या मर्जीने सुटता येत नाही. अगदी अपवाद म्हणून, वरच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने सुटका होते. अर्ज करायचा तरी युनिटमध्ये जाऊनच करावा लागतो.

प्रश्न : एक जण मुलाच्या भरतीसाठी चार लाख मागतोय. म्हणतो, पैसे निकाल लागल्यावर द्या, आत्ता फक्त मुलाची दहावीची ओरिजिनल द्या. प्रामाणिक वाटतो. (एक वडील, मिरज)

उत्तर : हा धंदा मी तुम्हाला उलगडून दाखवतो. तो पन्नास पोरांची ओरिजिनल कागदपत्रं गोळा करतो. करत काहीच नाही. पन्नासांतली पाच-सहा पोरं स्वतःच्या पायांवर धावून, स्वतःच्या अभ्यासावर लागतात. त्यांच्या बापांना तो सांगतो, ‘बघा, केलं की नाही काम?’ आणि दाखल्यावर बसून पैसे वसूल करतो. उरलेल्यांचे कागद हसत परत देतो, म्हणून तो प्रामाणिक वाटतो!

याहून वाईट जात म्हणजे परीक्षेआधीच पेपर देतो म्हणणारी. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात पेपर फुटल्याचं उघड झालं आणि सैन्याने जीडीची (जनरल ड्युटी, म्हणजे साध्या शिपायाची) परीक्षा देशभर रद्द केली. रात्र रात्र अभ्यास केलेली पोरं त्यात होरपळली. दाखला देऊ नका, दिला असेल तर उद्या जाऊन परत घ्या. नाही दिला तर पोलीस ठाणं. ऑनलाइन परीक्षेसाठी पोराने स्वतः भरायची फी २५० रुपये आहे, त्यावर एक रुपयाही कुणाला देणं लागत नाही.

प्रश्न : १६०० मीटर धावायला मला ५:५० मिनिटं लागतात. ग्राउंडच्या दिवशी घ्यायला एक इंजेक्शन मिळतं म्हणे. (नाव नको)

उत्तर : नाव मीच छापलं नसतं. ताकदीची औषधं भरतीत बंद आहेत, सापडलास तर बाद. आणि न सापडता ग्राउंडवर कोसळलास तर त्याहून वाईट. साडेपाच मिनिटांच्या आत आलास तर ६० पैकी ६० मिळतात. तुला वीस सेकंद कमी करायचेत. आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे पळ, मधे चालत श्वास घे, आणि रात्री अकरानंतर रील बघणं बंद कर. वीस सेकंद तिथेच सापडतील. बीमकडेही बघ, दहा मारलेस तर पूर्ण ४०.

प्रश्न : माझा भाऊ मागच्या भरतीत मेडिकलला अनफिट झाला. ग्राउंड, लेखी सगळं पास. कानात मळ आणि सपाट तळवा असं लिहून दिलं. माझं तसं होऊ नये म्हणून काय करू? (कागल)

उत्तर : कानातल्या मळावरून पोरगं थांबतं तेव्हा माझा जीव खरंच तुटायचा. भरतीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं की कान साफ करून या. कुणी वाचत नाही. महिनाभर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काडी, पिन, मोटारसायकलची किल्ली यांतलं काही कानात घालू नकोस. पडद्याला भोक पडलं तर मळापेक्षा मोठं कारण तयार होतं.

तळव्याची परीक्षा घरीच होते. पाय ओला कर आणि कोरड्या शहाबादी फरशीवर उभा राहा. ठशात आतल्या बाजूला खाच दिसली तर ठीक. पूर्ण पाऊल उमटलं तर टाचा उचलून चवड्यावर उभा राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांग. तेव्हा कमान दिसली आणि पाऊल लवचिक असलं तर सहसा अडचण येत नाही. मग सावधानमध्ये उभा राहा : गुडघे एकमेकांना घासतात आणि घोट्यांमध्ये फट राहते का? तसं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. अंडकोषाजवळ शिरा फुगलेल्या असतात, हायड्रोसील असतं, मूळव्याध असते. लाजेपायी पोरं घरात बोलत नाहीत आणि थेट मेडिकलच्या रांगेत कळतं. ऑपरेशन लागणार असेल तर भरून यायला वेळ हवा, म्हणून सरकारी दवाखान्यात आत्ताच सगळं तपासून घे.

मैदानावर अनफिट झालास तरी तो शेवट नसतो. बऱ्याच कारणांसाठी मिलिटरी हॉस्पिटलला पुन्हा तपासणीची चिठ्ठी मिळते. तुझ्या भावाने ती घेतली का? कितीतरी पोरं रडत रडत एसटी पकडतात आणि चिठ्ठी खिशातच राहते. चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव आणि मुदत असते. त्या मुदतीत गेलं पाहिजे, नंतर कुणी दार उघडत नाही.

प्रश्न : मुलीकडचे घाई करतायत. गुपचूप कोर्ट मॅरेज केलं आणि भरतीला अविवाहित लिहिलं तर? (बार्शी)

उत्तर : अग्निवीर अविवाहितच लागतो, आणि चारही वर्षं अविवाहित राहावं लागतं. मोडलं तर नोकरी जाते. मुलीकडच्यांना हे स्पष्ट सांग. थांबायला तयार नसतील तर तुला दोन्हींपैकी एक निवडावं लागेल. नोंदणी कार्यालयाच्या बोर्डावर नाव लागतं, गुपचूप काही नसतं.

प्रश्न : आधारवर माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी आहे, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. वडिलांचं नाव एका ठिकाणी रामचंद्र, दुसरीकडे रामा. आईचं तर तीन कागदांवर तीन. बाद होईन का? (शिराळा)

उत्तर : आपल्याकडच्या निम्म्या पोरांचं हे दुखणं. आपलं बोर्ड आडनाव आधी छापतं. नुसता क्रम मागेपुढे असेल तर एवढं घाबरू नकोस. सैन्य दहावीचा कागद प्रमाण मानतं, म्हणून ऑनलाइन अर्जात तुझं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर दहावीप्रमाणे भर. ‘आईचं खरं नाव तर वेगळं आहे’ असला विचार अर्ज भरताना आणू नकोस. सायबर कॅफेवाल्याला भरायला दिलास तरी सबमिट करण्याआधी स्क्रीनवर बोट ठेवून स्वतः वाच.

त्यानंतर आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घे, कारण दहावीप्रमाणे आधार बदलणं सोपं, उलटं अवघड. रामचंद्र आणि रामा ही एकच व्यक्ती, याचं प्रतिज्ञापत्र वडिलांकडून करून ठेव, आणि वडिलांचं आधारही सुधारून घे. रहिवासी, जातीचा, अविवाहित असल्याचा दाखला काढताना तलाठी आणि ग्रामसेवकासमोर मार्कशीट धर आणि तेच स्पेलिंग लिहून घे. सरपंचाच्या दाखल्यावर फोटो लागतो आणि दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून तो दाखला सगळ्यात शेवटी काढ. बाकीचे आजपासून.